पाहतात डोळे, ठरवते मन

दोनशे वर्षे होत आली या गोष्टीला. जर्मनीतल्या पॉट्सडॅम गावात एक लहान मुलगा आईबरोबर गॅरिसन चर्चवरून चालला होता. चर्चच्या उंच मनोऱ्याच्या सज्जात काही माणसे उभी होती. मुलाला वाटले, त्या बाहुल्याच आहेत. आईने हात जरा वर करून त्या आपल्याला काढून द्याव्यात, असा हट्ट त्याने धरला. आईचा हात तिथवर पोचेल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

असा एखादा किस्सा प्रत्येक घरात असतो. कुणाच्या मुलाला चंद्र हवा असतो, कुणाच्या नातीला विमान मुठीत पकडायचे असते. आपण हसतो, पाहुण्यांना सांगतो आणि विसरून जातो. हा मुलगा मात्र विसरला नाही. मोठेपणी त्याने दृष्टीच्या विज्ञानावर तीन भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला आणि त्यात बाहुल्यांची ही आठवण नोंदवून ठेवली. लांबची वस्तू लहान दिसते, पण ती लहान नसते, हे आपण कधीतरी शिकलेलो असतो आणि शिकल्याचे पार विसरून गेलेलो असतो. त्या आठवणीत त्याला हे शिकण्याचा क्षणच सापडला होता. या मुलाचे नाव हर्मान हेल्महोल्ट्झ.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ज्ञानेंद्रियांचे प्रकरण असते. वेदन म्हणजे इंद्रियांनी आणलेली खबर आणि संवेदन म्हणजे त्या खबरीचा मनाने लावलेला अर्थ, अशा व्याख्यांनी ते सुरू होते. मुलांना ते भलतेच रुक्ष वाटते; त्यांना स्वप्ने आणि फ्रॉइड हवे असतात. मग मी व्याख्या बाजूला ठेवून हेल्महोल्ट्झचे आयुष्यच सांगू लागलो. कारण खबर आणि अर्थ यांच्यामधली वाट ज्याने पहिल्यांदा पावलांनी मोजली, असा हा माणूस होता.

बाकाखालची गणिते

हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा. वडील गावातल्या शाळेत भाषा आणि तत्त्वज्ञान शिकवत. आई तोफखान्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. घर सुसंस्कृत, पण पगार बेताचा. मुलगा पहिली सात वर्षे सतत आजारी असे. अंथरुणात पडल्या पडल्या लाकडी ठोकळ्यांशी खेळे. त्याचा परिणाम असा झाला, की शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा तिच्यातले बरेचसे त्याला आधीच ठाऊक होते. उलट पाठांतराच्या नावाने आनंद होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी त्याच्या ध्यानात राहत नसत आणि डावे-उजवे यांतही घोटाळा होई. वर्गात लॅटिनचे उतारे वाचले जात, तेव्हा हा बाकाखाली दुर्बिणीतून जाणाऱ्या किरणांची गणिते मांडत बसे.

त्याला भौतिकशास्त्र शिकायचे होते. पण त्या काळी त्या विषयावर पोट भरत नसे, आणि घरात आणखी भावंडे होती. वडिलांनी व्यवहारी तोड काढली. बर्लिनमध्ये लष्कराची एक वैद्यकीय संस्था होती. तिथे शिक्षण फुकट, मात्र त्याच्या बदल्यात आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ तिथे दाखल झाला. जाताना पियानो बरोबर नेला. शिक्षणाच्या काळात त्याला टायफस झाला. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट मिळाले आणि तेवढ्या दिवसांचा खर्च वाचला. त्या शिलकीतून त्याने एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पुढच्या संशोधनाचे हे पहिले भांडवल.

बर्लिनमध्ये त्याला योहानेस म्यूलर हे गुरू भेटले. त्यांचा एक सिद्धान्त घरच्या घरी पडताळता येतो. डोळा मिटा आणि कानशिलाकडच्या कोपऱ्यात पापणीवर बोटाने अगदी हलकेच दाब द्या. नाकाच्या बाजूला एक फिकट उजेडाचे वर्तुळ चमकेल. खोलीत अंधार असला तरी ते दिसते. बोट प्रकाश देत नाही; पण डोळ्याचा मज्जातंतू कशानेही जागा झाला, तरी तो उजेडाचीच बातमी देतो. त्याला दुसरी भाषाच येत नाही. म्यूलर यांचे म्हणणे असे, की आपल्याला थेट जग कळत नाही, आपल्या मज्जातंतूंची अवस्था कळते. तरुण हेल्महोल्ट्झच्या मनात हा विचार घर करून बसला.

पॉट्सडॅमच्या पलटणीत डॉक्टर असताना त्याने बराकीतच छोटी प्रयोगशाळा थाटली. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे केवळ रूप बदलते, या नियमाची गणिती मांडणी त्याने १८४७ मध्ये केली, तेव्हा त्याचे वय होते २५. त्या काळच्या प्रमुख नियतकालिकाने तो निबंध नाकारला. त्याला तो स्वतंत्रपणे छापावा लागला. या कामाने लवकरच त्याचे नाव झाले, लष्कराने उरलेल्या वर्षांची अट सोडली आणि १८४९ मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठात त्याला प्राध्यापकी मिळाली. त्याच वर्षी ओल्गा फॉन वेल्टेनशी त्याचे लग्न झाले.

बातमीचा वेग

पायाला काटा टोचला की लगेच कळते, असे आपण म्हणतो. हे लगेच म्हणजे किती? मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग माणसाला बहुधा कधीच मोजता येणार नाही, असे खुद्द म्यूलर यांचे मत होते. शिष्याने तो मोजला.

त्याने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. मज्जातंतूला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब विजेचा झटका दिला. झटका बसला की विजेचे एक मंडल सुरू होई आणि स्नायू आकसला की ते तुटे. मधल्या क्षणात वाहिलेल्या विजेने चुंबकाची सुई किती हलली, यावरून वेळेचा हिशेब लागे. दोन्ही वेळांतला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातला. या प्रयोगांत आकडे उतरवून घ्यायला ओल्गा बसत असे. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर. एखादी एक्स्प्रेस गाडी ज्या वेगाने धावते, साधारण तोच हा वेग! या हिशेबाने ३० मीटर लांबीच्या देवमाशाच्या शेपटीला इजा झाली, तर डोक्याला खबर लागायला सेकंदभर लागेल. माणसातला वेग याहून बराच जास्त असतो, पण तोही मोजता येण्याइतकाच.

१८५० मध्ये ही बातमी पॉट्सडॅमला पोचली, तेव्हा वडील अस्वस्थ झाले. ते तत्त्वज्ञानात मुरलेले गृहस्थ. मन आणि शरीर एकाच क्षणी एकजीव होऊन वागतात, ही त्यांची श्रद्धा. मुलगा सांगत होता, की जाणीव ही घटनेच्या मागून येते. आपण जो वर्तमानकाळ म्हणून जगतो, तो किंचित शिळा असतो. पिता-पुत्रांत भांडण झाले नाही, प्रेमही आटले नाही. पण वडिलांना ते पचवणे जड गेले. मला या प्रसंगात शास्त्राइतकेच घरही दिसते. मुलगा शिकून पुढे जातो आणि बापाच्या जगाची एखादी वीट हलकेच सरकवतो, हे आपल्याकडच्याही किती घरांत घडले आहे!

काळोख्या बाहुलीत उजेड

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत काळोख असतो म्हणून नव्हे. आत गेलेला उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो, आणि तो पाहायला आपण डोके पुढे केले की आपणच उजेड अडवतो. विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची तयारी करताना हेल्महोल्ट्झला एक युक्ती सुचली. काचेची पट्टी तिरकी धरली, तर ती दिव्याचा उजेड समोरच्या डोळ्यात परतवील, आणि त्याच काचेतून आपल्याला आरपार पाहता येईल. चष्म्याची भिंगे, काचेच्या पट्ट्या, पुठ्ठा आणि डिंक एवढ्या सामानावर त्याने हे उपकरण जोडले. आठवडाभराच्या खटपटीनंतर जिवंत माणसाचे दृष्टिपटल त्याला स्वच्छ दिसले. १८५१ मध्ये त्याने ही रचना प्रसिद्ध केली आणि ऑप्थल्मोस्कोप जन्माला आला.

त्यापूर्वी डोळ्याच्या आत काय बिघडले आहे हे डॉक्टरांना बव्हंशी अंदाजाने ठरवावे लागे. आज मधुमेहाने किंवा रक्तदाबाने दृष्टिपटलावर काय परिणाम केला, काचबिंदू आहे की नाही, हे तपासताना नेत्रतज्ज्ञ बाहुलीतून आत डोकावतात, तेव्हा ते पुठ्ठ्या-डिंकाच्या त्या खेळण्याच्याच वंशजातून पाहत असतात. उपकरणे बदलली, तत्त्व तेच राहिले.

क्योनिग्सबर्गची थंडी ओल्गाच्या क्षयाला मानवेना, म्हणून १८५५ मध्ये ते बॉनला गेले आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला. पण १८५९ च्या जूनमध्ये वडील गेले आणि डिसेंबरात ओल्गा. पदरी दोन लहान मुले. पुढे १८६१ मध्ये त्याने आना फॉन मोल हिच्याशी दुसरे लग्न केले आणि घर पुन्हा उभे राहिले. या ओढाताणीच्या वर्षांतच त्याचे दोन मोठे ग्रंथ चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे थक्क व्हायला होते.

दोरी आणि साप

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाहुलीतून आत पाहिल्यावर हेल्महोल्ट्झला जे दिसले, त्याने तो काही फारसा खूश झाला नाही. मानवी डोळ्यात त्याला दोषांची यादीच सापडली. कडेला चित्र धूसर, भिंगात खोट, मध्येच रक्तवाहिन्यांच्या सावल्या. शिवाय प्रत्येक डोळ्यात एक भोकच असते. कागदावर चार बोटांच्या अंतराने दोन ठिपके काढा. डावा डोळा मिटा, उजव्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर उजवा ठिपका नाहीसा होईल. मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो ती ही जागा. तिथे काहीच दिसत नाही. तरी आपल्याला जगात कुठे भोक दिसत नाही. ते कोण बुजवते?

मन बुजवते, हे हेल्महोल्ट्झचे उत्तर. इंद्रियांनी आणलेली खबर तुटपुंजी असते. मागच्या अनुभवाच्या आधारे मन एक अनुमान करते आणि तेच आपल्याला दिसते. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसेच हे अनुमान. फरक इतकाच, की ते इतक्या झटपट आणि आपल्या नकळत होते, की अनुमान केल्याचा आपल्याला पत्ताच लागत नाही. आपल्याला वाटते, आपण नुसते पाहिले.

जत्रेत मिळणारा कागदाच्या लगद्याचा मुखवटा घ्या. त्याची पोकळ बाजू आपल्याकडे करा, चार-सहा पावले लांब जा आणि एक डोळा मिटून पाहा. खोलगट चेहरा फुगीर दिसू लागेल. तो पोकळ आहे हे ठाऊक असूनही नजर ऐकत नाही. आयुष्यभर नाके पुढे आलेलीच पाहिली, म्हणून मनाचा कौल त्या बाजूने पडतो. पक्के झालेले अनुमान ज्ञानालाही जुमानत नाही.

पण ते सरावाने बदलू शकते, हेही त्याने दाखवले. लोलकाच्या काचांचा चष्मा घातला की सगळे एका बाजूला सरकलेले दिसते आणि वस्तूवर ठेवायचे बोट चुकते. थोडा वेळ प्रयत्न केला की नेम बसतो. चष्मा काढला की मग उलट्या बाजूला चुकतो. घरात कुणाला नवा बायफोकल चष्मा लागला, की दोन-चार दिवस जिन्याच्या पायऱ्या फसवतात आणि मग सगळे सुरळीत होते. पायऱ्या त्याच असतात. मनाने हिशेब नव्याने मांडलेला असतो.

इथे आपल्यातले काहीजण चटकन म्हणतील, की हे तर आमच्या वेदान्तात होतेच. अंधारात दोरी पाहावी आणि साप दिसावा. जग म्हणजे माया. मला वाटते, हेल्महोल्ट्झ याला थांबवील. त्याचे म्हणणे जग खोटे आहे असे नाही. इंद्रिये जगाचे चित्र आणत नाहीत, चिन्हे आणतात, एवढेच तो म्हणतो. अक्षर जसे आवाजासारखे दिसत नाही, तरी त्यातून शब्द बिनचूक वाचता येतो, तसेच हे. चिन्ह नियमाने वागते, म्हणून त्याच्यावर विसंबता येते. आणि शंका आली तर हात लावून, पुढे जाऊन, कंदील आणून पडताळता येते. साप दिसला तो मनाच्या ज्या कारखान्यात, त्याच कारखान्यात उजेडातली दोरीही तयार होते. भ्रम आणि खरे दर्शन यांची यंत्रे वेगळी नाहीत. वेगळी असते ती पडताळणी. हेल्महोल्ट्झने मला काय दिले असे कुणी विचारले, तर मी हे एक वाक्य सांगेन.

कान आणि तंबोरा

१८६३ मध्ये स्वरांच्या संवेदनेवरचा त्याचा ग्रंथ आला. प्रत्येक स्वरात मूळ नादाबरोबर वरचे उपस्वर दडलेले असतात. ते वेगळे ऐकण्यासाठी त्याने पोकळ गोळे बनवले. गोळा कानाला लावला की त्याच्या मापाचा उपस्वर तेवढा घुमतो. आपल्याकडे हे समजायला गोळे लागत नाहीत. जवारी लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार म्हणजे असाच उपस्वर. ज्याला कुणी दाखवून दिला नाही, त्याला तो ऐकू येत नाही. एकदा ऐकू आला की मग टाळता येत नाही. कानाला खबर पहिल्यापासून होती, लक्ष नव्हते. या ग्रंथाचा सी. व्ही. रामन यांच्यावर तरुणपणी खोल परिणाम झाला. आपल्या वाद्यांवर त्यांनी पुढे जे संशोधन केले, त्याचे एक मूळ इथे आहे.

लक्ष म्हणजे नजर नव्हे, हेही त्याने एका सुंदर प्रयोगाने दाखवले. अंधाऱ्या पेटीत अक्षरांचा तक्ता ठेवून तो क्षणभर विजेच्या ठिणगीने उजळायचा. तेवढ्यात डोळा हलणे शक्यच नाही. पण कुठल्या कोपऱ्याकडे लक्ष द्यायचे हे आधी ठरवले, तर नजर मध्यभागी असूनही त्या कोपऱ्यातली अक्षरे वाचता येत. जेवताना समोर बसून ऐकणारा माणूस आपले ऐकतोच असे नाही, हे गृहिणींना प्रयोगाशिवायही ठाऊक आहे!

कुठे बरोबर, कुठे अपुरा

हायडेलबर्गला त्याच्या हाताखाली विल्हेल्म वुंट नावाचा सहायक होता. याच वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि या विषयाचा स्वतंत्र संसार सुरू झाला. हेल्महोल्ट्झ स्वतः १८७१ मध्ये बर्लिनला गेला तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून. पन्नाशीत त्याला तरुणपणीचा विषय मिळाला. तो वक्ता मात्र चांगला नव्हता. विद्यार्थी असलेल्या मॅक्स प्लांकला त्याची व्याख्याने कंटाळवाणी वाटली. फळ्यावरची गणितेही चुकत.

त्याचे सगळेच टिकले असे नाही. कानातल्या शंखाकृती भागात पियानोच्या तारांसारखे तंतू असतात आणि जो तो आपापल्या स्वराला झंकारतो, ही त्याची कल्पना पुढे गेओर्ग फॉन बेकेशी यांच्या संशोधनाने बदलावी लागली; त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. रंगांच्या बाबतीत इंग्लंडच्या टॉमस यंगची तीन मूळ रंगवेदनांची कल्पना त्याने पुढे नेली, तर एवाल्ट हेरिंग यांनी लाल-हिरवा, निळा-पिवळा अशा विरोधी जोड्या मांडल्या. वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. आज दिसते, की दृष्टिपटलावरच्या रंगग्राही पेशी तीन प्रकारच्याच असतात, आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यावर हिशेब जोड्यांत होतो. दोघेही बरोबर होते, आपापल्या मजल्यावर.

खरा प्रश्न त्या बाहुल्यांचा. पाहणे सगळे शिकावेच लागते का? याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. जन्मजात मोतीबिंदूने अंध असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देणारा प्रकाश हा प्रकल्प पवन सिन्हा यांनी उभारला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येत नव्हती. काही दिवसांत मात्र ती ओळखू लागली. हे हेल्महोल्ट्झच्या बाजूचे. पण २०१५ मध्ये असेही दिसले, की रेषांच्या लांबीबाबत आपल्याला फसवणाऱ्या काही आकृत्या या मुलांना पहिल्याच दिवसांत आपल्यासारख्याच फसवतात. म्हणजे काही अनुमाने आपण जन्माला येतानाच बरोबर आणतो. आईचा हात मनोऱ्यापर्यंत पोचत नाही, हे मात्र शिकावेच लागते.

आणि त्याची मूळ कल्पना? १९९५ मध्ये जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या एका शिकणाऱ्या जाळ्याला हेल्महोल्ट्झ यंत्र असे नाव दिले. याच हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि खबरीशी ताडून पाहतो, हा आज मेंदूविज्ञानातला एक प्रभावी विचार आहे.

चढणीवरचे विचार

सत्तराव्या वाढदिवसाच्या सत्कारात हेल्महोल्ट्झने आपल्या मनाविषयीही सांगितले. प्रश्नाचा सर्व बाजूंनी कीस पाडून दमल्यावर विश्रांती लागे आणि मग कल्पना अवचित येई. कधी पहाटे जाग येताना, तर बहुधा लख्ख उन्हात झाडीतली टेकडी सावकाश चढताना. टेबलाशी बसून ती कधी आली नाही, आणि मद्याच्या थेंबानेही ती पळून जाई. पाहणे जसे नकळत घडते, तसे सुचणेही, असेच जणू तो सांगत होता.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. तरुण मुलगा रोबर्ट १८८९ मध्ये गेला. लाडका शिष्य हाइनरिख हर्ट्झ १८९४ च्या पहिल्याच दिवशी वारला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याआधी, १८९३ मध्ये शिकागोहून परतताना बोटीच्या जिन्यावरून पडून हेल्महोल्ट्झच्या डोक्याला इजा झाली होती. १८९४ च्या जुलैत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबरला तो गेला.

मी हे सारे वर्गात सांगत असे, तेव्हा शेवटी एक गोष्ट जोडत असे. घराघरांत वाद होतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मी स्वतःच्या कानांनी ऐकले, असे दोन्ही बाजू शपथेवर सांगतात, आणि दोघेही खरेच बोलत असतात. फक्त प्रत्येकाच्या मनाने आपापल्या अनुभवाची शिदोरी उघडून तुटक खबर पुरी केलेली असते. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. कंदील आणावा, दोन पावले पुढे जावे आणि दोघांनी मिळून पुन्हा एकदा पाहावे.